बाहेर येताना चालणारा माणूस

आदरणीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरील फुटबॉल संघटनेचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या राष्ट्रीय संघाचे मावळते प्रशिक्षक, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आजी-माजी खेळाडू, पत्रकार मित्रहो, आणि तिसऱ्या रांगेतून मला आत्तापासूनच ‘आवरा’ अशी खूण करणारी माझी पत्नी,

मला दोनच शब्द बोलायला सांगितलं आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनाही तेवढेच सांगितले होते, हे तुम्ही सगळे सोसून बसला आहात. पण मला थोडक्यात आटोपायची सवय आहे. सगळी कारकीर्द मी सामन्याच्या शेवटच्या काही मिनिटांत केली.

नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. सत्कारमूर्ती आमच्या क्लबचे स्ट्रायकर होते आणि मी त्यांचा बदली खेळाडू. आमच्या संघाच्या मालिशवाल्याने त्यांचं नाव ठेवलं होतं इंजिन आणि माझं स्टेपनी. माझी आई शेजारणींना अभिमानाने सांगायची, “आमचा त्यांच्याबरोबर खेळतो.” मी म्हणायचो, “आई, बरोबर नाही गं, त्यांच्याऐवजी.” इतकी वर्षं एका संघात काढली, पण आम्ही दोघे एका वेळी मैदानावर कधीच नव्हतो. ते बाहेर आल्याशिवाय मला आत जाता येत नसे.

आता अशा माणसाने काय करावं? मी जळलो, सभ्य गृहस्थहो. मनापासून आणि नियमितपणे जळलो. त्यांच्या मांडीचा स्नायू जरा आखडला की डॉक्टरांच्या आधी मला कळायचं. मी रोज इतक्या आस्थेने त्यांचा गुडघा विचारायचो, की एकदा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, माझेही दोन गुडघे आहेत. कधीतरी त्यांचीही चौकशी करा.”

त्यांच्या गोलांबद्दल मघापासून बरंच बोललं गेलं. डाव्या पायाबद्दल तर मला वाटतं प्रत्येकानेच सांगितलं. मी ते सगळे गोल बाकावरून पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी उठून टाळ्या वाजवल्यात. बाकावर बसलेल्याला टाळ्या वाजवाव्याच लागतात, कॅमेरा फिरत असतो. पण माझी तक्रार गोलांबद्दल नाही. माझी तक्रार त्यांच्या चालण्याबद्दल आहे.

आपण पाहिलं असेल. बदलीचा फलक वर गेला, की हे नेमके मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असायचे. मग तिथून निघायचे. आधी मोजे वर ओढायचे. वाटेत पंचांशी हात मिळवायचा. चारी बाजूंच्या प्रेक्षकांना टाळ्या वाजवून दाखवायच्या. लोक वेडे व्हायचे. आणि मी इकडे साइडलाइनवर, जर्सी खोचून, एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत उभा. माझ्या वाट्याला येणार सहा-सात मिनिटं, त्यातली दोन यांच्या पदयात्रेत जायची. पंच ती मिनिटं भरून देतात म्हणे. पूर्ण भरून दिलेली मी तरी पाहिली नाहीत.

संघ पुढे असला की वेळ काढायचा असतो, हे मलाही कळतं. पण एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आम्ही एका गोलने मागे होतो. फलक वर गेला. आणि हे चालत आले! मोजे, पंच, टाळ्या, सगळं यथासांग. मी आत गेलो. शेवटी उजवीकडून चेंडू आला, समोर गोलरक्षक नाही, रिकामी जाळी. चेंडू पायापासून हातभर लांब असताना शिट्टी वाजली.

ड्रेसिंग रूममध्ये मी यांच्या अंगावरच गेलो. “अरे, आपण हरत होतो! पळत यायला काय झालं होतं तुला?”

हे बुटाची नाडी सोडत होते. वर न बघता म्हणाले, “आत पळत कसं जायचं ते सगळ्यांनी शिकवलं रे. बाहेर कसं यायचं, ते कुणी नाही शिकवलं.”

“मग मी शिकवतो.”

“तू?” म्हणाले, “तू कधी बाहेर आलायस? तू तर नेहमी आतच जातोस.”

मालिशवाला फिस्सकन हसला. मी माझे बूट उचलले आणि बाहेर पडलो.

पुढे हे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक, म्हणजे आम्हा सगळ्यांचे ‘सर’ झाले आणि मला सहायक म्हणून घेऊन गेले. माना खाली घालून हरणारा संघ त्यांनी हाती घेतला आणि पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत नेला. त्या दिवशी खेळाडूंनी त्यांना खांद्यावर उचललं. सगळ्या वर्तमानपत्रांत तो फोटो आला. त्यात एक खांदा माझा आहे. चेहरा दिसत नाही, कारण त्याच्यापुढे सरांचा बूट आहे. डावा.

पण त्या काळातली एक गोष्ट मी जपून ठेवली आहे. आमचा एक खेळाडू बदलीच्या वेळी रमतगमत बाहेर येत होता. आणि सर साइडलाइनवरून ओरडले, “पळत ये! कुणाच्या वेळेत चालतोयस?” माझ्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. सरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

मघाशी अध्यक्षसाहेबांनी जाहीर केलं, की उद्यापासून मुख्य प्रशिक्षक मी. आपण टाळ्या वाजवल्यात, आभारी आहे. नंतर त्यांनी जाहीर केलं, की सर ‘मुख्य सल्लागार’ म्हणून राहतील, त्याच खोलीत बसतील आणि संघनिवडीत लक्ष घालतील. त्यावर आपण जास्त टाळ्या वाजवल्यात. हेही माझ्या लक्षात आलं आहे.

काल मी ती खोली बघायला गेलो. सर म्हणाले, “माझी खुर्ची खिडकीपाशीच राहू दे. तुला दुसरी आणतील.” ती दुसरी खुर्ची मी पाहिली. दाराआड ठेवली आहे. दार उघडलं की पाठीला लागते.

अध्यक्षमहाशय, सल्लागाराचं हे पद कृपया ठेवू नका. कुणी म्हणेल, हा अजून जळतो. जळतोच! वहिनी, तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला तरी पटलंय. पण नव्या संघातल्या पोरांनी मी बोलत असताना खिडकीकडे बघू नये, एवढंच माझं मागणं आहे. हा माणूस मोठा आहे, म्हणूनच तो खोलीत असला की दुसरा कुणी दिसत नाही. ते मला बाकावरून चांगलं ठाऊक आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, संघटनेने मला इथे उभं केलं, याबद्दल आभार. सत्काराच्या दिवशी सत्कारमूर्तींकडे काही मागायचं नसतं, ते मी मागितलं. हा उणेपणा पदरात घ्या आणि कुणाचा उल्लेख राहिला असल्यास उदार मनाने सोडून द्या.

आणि आता ‘सर’ बाजूला ठेवतो. इंजिन, मी इथे हात पुढे करून उभा आहे. मोजे नंतर ओढ, टाळ्या लोक वाजवतील. या खेपेला मात्र पळत ये.