सगळी पानं शेठच्या फोटोकडं

आमच्या परभणीतल्या बाबाराव शेठचं शेळ्या-मेंढ्यांच्या औषधांचं दुकान हाय, अन् त्यांची वेबसाइट मी सांभाळतो. त्यातलं जंताच्या औषधाचं पान गूगलवर पयलं यायचं. ते वाचून पार पालमहून गिऱ्हाईक यायचं.

शेठचा वाढदिवस आला. म्हणले, "कुणी कोणतंबी पान उघडू दे, माझ्या फोटोवरच आलं पायजे. चौकात बॅनर लावतोच की आपण!"

"शेठ, औषध शोधणाऱ्याला फोटो दाखवला तर गूगल आपल्याला लय मागं ढकलंल."

"तू करायलास का दुसरा बघू?"

केलं. सगळी पानं फोटोकडं वळवली. गॉगल, सोन्याची साखळी, जोडलेले हात. मेंढीला त्यानं काय उतार पडणार?

वाढदिवस सरला तरी शेठ फोटो काढू देईनात. दोन महिन्यांत आमी गूगलवरून गायब! शेवटी पालमहून त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, औषध शोधलं तर पूर्णेचं दुकान वर आलं. तिथूनच आणलं."

शेठ माझ्यावरच भडकले. मी म्हणलं, "आता तरी काढू का फोटो?"

"फोटो ऱ्हाऊ दे. त्या पूर्णेवाल्याचं पान माझ्या फोटोकडं वळीव!"