पर्समध्ये मावेल अशी सुरी

लालबागच्या सुऱ्या-कात्र्यांच्या दुकानात वासंतीबाई विळीला धार लावायला आल्या होत्या. त्यांच्या पुढे एक आई आणि तिची कॉलेजातली लेक उभ्या होत्या.

“काका, पर्समध्ये मावेल अशी छोटी सुरी दाखवा.”

“ही घडीची घे, बेटा. फळं कापायला मस्त.”

“घडीची नको. ती उघडेपर्यंत…”

“दर्शना, हळू बोल गो.”

“मग ही बघ. पातं पक्कं बसवलेलं, वर चामड्याचं म्यान. ओढली की हातात.”

“मूठ जाड आहे, आई. हात थरथरला तर निसटेल.”

“आणि त्यानेच हिसकावून घेतली तर?”

“मग काय करू? आधी नाक्यावर असायचा, आता आपल्या जिन्यात उभा असतो.”

“परत चौकीत जाऊया, बाय.”

“तिथे जाऊन आल्यापासूनच तो जिन्यात येतोय ना?”

“हिची मूठ बारीक आहे, बेटा. देऊ बांधून?”

“बांधू नका, काका. अशीच द्या. तो समोर पानवाल्याकडे उभा आहे.”

वासंतीबाईंनी विळी काउंटरवर ठेवली. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी दर्शनाचा गार पडलेला हात धरला.

“चल, बाळा. तिघी मिळून जाऊ.”