गाव नसलेलं कार्ड

मी कोल्हापुरात टपाल निवडायच्या कामावर नवीन लागलो होतो ना, तेव्हाचं सांगतो. एक कार्ड आलं. पत्ता एवढाच: ‘बाबांना, पिठाच्या गिरणीमागं.’ मजकूर एका ओळीचा: ‘येत्या रविवारी येते. घरात घ्याल का?’ खाली सही, ‘तुमची शकू.’

पोस्टमननी दोन दिवस गावातल्या गिरण्या पालथ्या घातल्या. शकूचे बाबा काही सापडेनात. परत पाठवावं तर शकूचाही पत्ता नाही. मी ते बेवारस टपालात टाकणार, तेवढ्यात आमच्यातले सगळ्यात जुने मुल्लाभाई म्हणाले, "गाव कोण लिहीत न्हाय, ठावं हाय का? ज्याला त्याच गावात पत्र धाडायचं असतंय त्यो. शिक्का कुठला हाय बघ की."

शिक्का कागलचा होता.

दुसरा दिवस शनिवार. साहेबांना विचारून मी एस्टीनं स्वतःच कागलला गेलो. गिरणीमागच्या पहिल्याच घरात एक म्हातारा बसला होता. मी विचारलं, "शकू तुमची कोण?"

त्यानं कार्ड दोनदा वाचलं. मग म्हणाला, "लेक हाय. मनाविरुद्ध लगीन केलं म्हणून चार वर्सं बोललो न्हाय. दोन गल्ल्या सोडून ऱ्हाती."

"उद्याच रविवार आहे," मी म्हणालो. "येईल ती."

"उद्यापतोर कशाला थांबायचं, पावणं," असं म्हणत त्यानं टोपी घातली आणि कार्ड हातात घेऊन माझ्याआधी घराबाहेर पडला.