कोमल गंधारावर कात्री

मल्लेश्वरममध्ये घशाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक गाणाऱ्या बाई बसल्या होत्या. आवाज पार बसलेला. बरोबर त्यांचा शिष्य होता.

"माझ्या तोडीवर लोकांना नाचवलंस, ऋतुराज?"

"अक्का, इलेक्ट्रॉनिक संगीत आहे ते. मी फक्त खाली बीट टाकला."

"फक्त? कोमल गंधारावर मी थांबले होते, नेमकं तिथंच कापलंस. आणि तोच तुकडा सोळा वेळा!"

"लोकांना तोच आवडला."

"शिकवणीतलं रेकॉर्डिंग होतं ते. मला विचारलंस?"

"नाही. स्वल्प चुकलंच."

"स्वल्प? आठ वर्षं समोर बसवून शिकवलं तुला. एक फोन करवला नाही?"

"करणार होतो. तेवढ्यात तुमचं ऑपरेशन झालं. मग धीरच झाला नाही."

"त्यानंतर माझा एक सूर लागलेला नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, अक्का. ते गाणं आजच काढून टाकतो."

"टाकायलाच हवं. न कापलेलं आहे तुझ्याकडे?"

"आहे. पूर्ण चाळीस मिनिटं."

"मग लाव. पहिल्या सा-पासून. आणि मध्ये कुठं बोट लावलंस तर बघ!"

त्यांनी इअरफोनसाठी हात पुढे केला.