सिंधूआक्कांचं घर, माझं दार

सन्माननीय अध्यक्षा मंगलाबाई, नाशिकहून मुद्दाम आलेले पाहुणे, चांदवडच्या आपल्या महिला मंडळाच्या बाया, मागं उभी असलेली पुरुष मंडळी आणि आजच्या सत्कारमूर्ती, माझ्या थोरल्या जाऊबाई सिंधूआक्का, सगळ्यांना माझा नमस्कार. माझ्या नातीनं, हर्षालीनं, एवढंच पाठ करून घेतलं होतं. ते झालं. आता माझं ऐका.

आक्कांनी मोडकं विटांचं घर उभं केलं, म्हणून ही शाल. शाल चांगली आहे. त्यांच्या अंगावर पडायच्या आधी मी हात लावून बघितली.

मघापासून जो तो विचारतोय, "धोंडाबाई, आनंद झाला असेल ना?" का व्हावा? ते घर माझं झालं असतं. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. आम्ही धाकटे. एका वाट्यात हायवेजवळचं नवं स्लॅबचं घर. दुसऱ्यात सासऱ्यांचं विटांचं, भिंतीतून पिंपळ फुटलेला, आत वटवाघळं. तुम्ही काय उचललं असतं? खरं सांगा. मीही स्लॅबच उचलला. वर त्या घराचं सागवानी दारही मागून घेतलं. म्हटलं, "घर पडणारच हाय, दार कशाला कुजवता?" आक्कांनी मुकाट्यानं काढून दिलं.

मग दर साली कांदे निघाले की ही बाई एक भिंत धरायची. वीट न् वीट सुटी करायची, जुना चुना खरवडायचा, वीट भिजवायची, पुन्हा लावायची. नव्या चुन्यात गुळाचं पाणी! मी येता-जाता थांबून म्हणायची, "आक्का, गूळ लाडवात घाला. भिंत काय खाणार हाय का?" तर म्हणाल्या, "तुझे लाडू तरी कोण खातं गं?" आणि ह्यांना तुम्ही मघाशी शांत स्वभावाच्या म्हणालात.

केस पांढरे होईस्तोवर मी वाट बघितली, आज पडेल, उद्या पडेल. पडलं नाही. गळायला लागला तो आमचा स्लॅब. उन्हाळ्यात तर तवा होतो नुसता. आमचे हे जेवले की उशी काखेत मारून निघाले आक्कांच्या ओसरीवर. रांधायचं मी, घोरायचं तिकडं. विचारलं, "तिथं काय ठेवलंय?" तर म्हणे, "गारवा." आता माणसानं जळू नये तर काय करावं?

राहिलं दार. घर पुरं झालं, पण दाराच्या जागी अजून पत्रा आहे. दुसरं दार त्या लावत नाहीत. दर दिवाळीला येतात, "धोंडे, दार दे." दर दिवाळीला मी म्हणते, नाय. आडवं टाकून त्याच्यावर मी कुरडया वाळवते. का द्यावं? ते गेलं की त्या घरातलं माझं काय उरलं?

पण आज पाहुणे म्हणाले, लांबून लांबून लोक आता हे घर बघायला येतील. तेव्हापासून मी खुर्चीत बसून विचार करतेय. आलेला माणूस आधी थांबणार कुठं? दारात. फोटो काढणार कुठं? दारात. म्हणजे आधी माझं बघणार, मग आक्कांचं.

आक्का, उद्या टेम्पो पाठवा. पण सगळ्यांसमोर सांगते, दार मी देत नाही, लावायला देतेय. मी आले तर कडी वाजवणार नाही.

मंडळानं माझ्यासारखीच्या हातात माइक दिला, धाडस केलं, त्याबद्दल आभार. अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला. आणि आक्का, दार बसलं की ओसरीवर जागा करा. दुपारी दोन उशा येतील.