आठ मार्चची म्हातारी

(रुमानियातलं एक खेडं आणि तिथून दीड तासावरचं याश शहर. आठ मार्चची दुपार. आई आणि तिचा मुलगा तुदोरेल फोनवर.)

तुदोरेल : ...आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सात पाव उचलले, सात! मी म्हटलं, बाई, घरात वादळ येतंय की वऱ्हाड?

आई : टीव्हीवरची हवामान सांगणारी ती पोरगी पाहिलीस? नकाशा लाल, झगाही लाल. तुझे बाबा म्हणाले, हिलाच आधी आत घ्या कुणीतरी, गारठेल.

तुदोरेल : बाबा? विनोद करतात अजून?

आई : करतात की. तू नसतोस ऐकायला.

तुदोरेल : निघालोच होतो गं. पण इथे सकाळपासून नुसता बर्फ कोसळतोय. समोरची इमारत दिसत नाही. आज बायकांचा दिवस, आणि तुझी फुलं राहिली बघ.

आई : राहू देत. टोपी घाल.

तुदोरेल : तिकडे कसं आहे?

आई : लख्ख ऊन. कोंबड्या धुळीत लोळताहेत. मार्चच्या पहिल्या नऊ दिवसांच्या नऊ म्हाताऱ्या, त्यांतली आजची मी तुझ्या नावाने धरली होती. जसा तिचा दिवस, तसं तुझं वर्ष. छान जाणार म्हणायचं.

तुदोरेल : मला वाटलं, माझी म्हातारी चिडकी निघेल.

आई : तू म्हातारीला भ्यालास, की म्हाताऱ्याला?

तुदोरेल : आई...

आई : काल तू म्हणालास ना, बर्फ छपरापर्यंत चढला तरी बोगदा खणून येतो? ते तुझ्या बाबांनी ऐकलं. पहाटे पाचला उठले, चुलीतली सगळी राख बादलीत भरली आणि फाटकापासून पायरीपर्यंत पसरली. म्हटलं, अहो, अजून एक कण पडला नाही. तर म्हणे, पडेल. त्याचे शहरातले बूट, घसरेल तो.

तुदोरेल : द्राक्षाचे वेल उपटा आणि शहरात चला, एवढंच बोललो होतो मी. दोन वर्षं तोंड फिरवून बसले.

आई : आज फिरवणार नव्हते. चांगला कोट घालून बसले होते.

तुदोरेल : आई, इथेही बर्फ नाही.

आई : माहीत आहे. शेजारचा गिका नऊच्या बसने आला तिकडून, शर्टाच्या बाह्या वर करून. तुझ्या बाबांनीच त्याला विचारलं, बर्फ किती आहे रे?

तुदोरेल : मग मला एवढं बोलू का दिलंस?

आई : सात पावांचं ऐकून हसू आलं. म्हटलं, हसून घ्यावं थोडं.

तुदोरेल : लाज वाटते गं मला. दोनदा गाडीपर्यंत गेलो आणि परत वर आलो. त्यांच्यासमोर बसून काय बोलू, तेच सुचेना. आता निघतो. खरंच निघतो. त्यांना सांगशील? काय करताहेत ते?

आई : कोट काढून ठेवला. राख झाडताहेत. पायरीपासून लागले होते, आता फाटकाशी पोचलेत.