जोह्याची एसटी

पेणच्या आमच्या थिएटरचा परवाना कसा वाचला, माहितेय? मी तिथला मॅनेजर. तपासणीचे साहेब भर शोला आले आणि म्हणाले, "दोन मिनिटांत हॉल रिकामा करून दाखवा, नाहीतर परवाना विसरा."

आम्ही आगीचा भोंगा वाजवला. एक माणूस हलला नाय! सगळे जवळच्या जोहे गावचे मूर्तिकार, पिक्चर ऐन रंगात. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात आमचा डोअरकीपर गणपत दारातून ओरडला, "जोह्याची शेवटची एसटी सुटली रे!"

चारी दारं धडाधड उघडली. मिनिटभरात आत उरलो आम्ही तिघंच.

साहेब हसतच सुटले. "अरे, याच्यापुढे तुमचा भोंगा काय कामाचा?"

गणपत म्हणाला, "आधी सही करा साहेब. लोकं स्टँडवरनं मला शोधत येतायत."